हॉलमधली गादी

गिरिधररावांनी गादी तिसऱ्यांदा सरकवली. आधी खिडकीखाली, मग दाराजवळ, आता थेट कूलरसमोर. गादी नवी होती, सहा इंची. सकाळीच सदरमधल्या दुकानातून ऑटोत घालून आणली होती. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या होत्या. आता साहिलला तक्रारीला जागा नव्हती.

साहिल म्हणजे त्यांच्या मुलाचा, पुष्करचा रूममेट. पुण्यात दोघं एकत्र राहायचे. आठ वर्षांपासून पुष्कर नागपूरला घरी आला की साहिलही यायचा. मुलगा आपल्या खोलीत झोपायचा, साहिल हॉलमध्ये. गादी गिरिधरराव स्वतः टाकायचे. आपली चांगली उशीही द्यायचे.

आणि काल पुष्करचा फोन आला होता.

"बाबा, आईच्या वर्षश्राद्धाला आम्ही दोघं येतोय. पण हॉटेल घेतलंय. आधी घरी चहाला येऊ, मग तिकडे जाऊ."

"घर असताना हॉटेल काहून रे?"

"राहू द्या ना, बाबा."

तेव्हापासून गिरिधररावांना एका जागी बसवत नव्हतं. चारुलता जाऊन वर्ष होत होतं. घरात बोलायला कोणी नव्हतं. आज मुलगा हॉटेलात उतरणार, पुढे येणंच बंद करणार. आपलं काय चुकलं? रात्रभर कूस बदलून त्यांना एकच कारण सापडलं. जुनी गादी पातळ होती.

साडेचार वाजले. त्यांनी चादर घातली, काढली, उलटी करून पुन्हा घातली. तेवढ्यात फ्रिजवरचा चारुलताचा फोन वाजला. तो ते अजून रोज चार्जिंगला लावायचे, दर महिन्याला रिचार्ज करायचे. तिचे मेसेज मात्र त्यांनी कधी उघडले नव्हते. ती असतानाही नाही. आज स्क्रीनवर साहिलचं नाव होतं.

"काकू, आज नवा भाग आला. त्या बाबांनी अजून गादी उचलली नाही."

वर्षापूर्वी गेलेल्या बाईला मेसेज? आणि कोणती गादी? गिरिधररावांनी मेसेज उघडला.

वर असेच मेसेज होते. दर शुक्रवारी एक. एकाचंही उत्तर नव्हतं. बरंच वर गेल्यावर चारुलता सुरू झाली.

ती आणि साहिल मिळून एक कोरियन कॉमिक वाचत होते. फोनवर दर आठवड्याला येणारं, इंग्रजीतलं. आवडलेली चित्रं एकमेकांना पाठवायचे. पहिल्याच चित्रात दोन तरुण होते, एकाच ऑफिसातले. अंगात शर्ट नव्हते आणि ते एकमेकांचं चुंबन घेत होते. गिरिधररावांनी फोन पालथा ठेवला. दाराकडे पाहिलं. उगाच कूलरची ताटी दाबून आले. मग फोन पुन्हा उचलला.

म्हणजे ती हे वाचत होती. शेवटच्या दिवसांत सलाईन लावलेला हात तोंडावर धरून हसायची. "काय आहे वं एवढं?" ते विचारायचे. "तुम्हाले नाही समजाचं," ती म्हणायची आणि आणखी हसायची.

पुढच्या चित्रांत उंच तरुण दुसऱ्याला आपल्या घरी नेतो. त्याचा बाप भला माणूस. तो पाहुण्याची गादी मोठ्या प्रेमानं हॉलमध्ये टाकतो. सगळे झोपल्यावर पाहुणा उशी काखेत मारून, चोरपावलांनी मित्राच्या खोलीकडे निघतो. बाप दिवा लावतो. पाहुणा म्हणतो, पाणी प्यायला उठलो. दुसऱ्या दिवशी बाप गादीशेजारी पाण्याची भरलेली बाटली ठेवतो. बिचाऱ्याला उठावं लागू नये म्हणून.

गिरिधररावांनी नव्या गादीकडे पाहिलं. उशाशी तांब्या होता, वर पेला झाकलेला. गेली आठ वर्षं ते तो साहिलच्या उशाशी भरून ठेवत होते. पोराला फार तहान लागते म्हणून.

चित्राखाली चारुलतानं लिहिलं होतं, "साहिल, हे तं आमचे हेच आहेत रे! फक्त बाटलीच्या जागी तांब्या पाहिजे."

"काकू, हसून हसून पोट दुखलं. पण काकांना सांगायचं कधी?"

"ते विचारतच नाहीत, तं सांगाव कसं? मनाचे वाईट नाहीत. एक दिवस स्वतःच उचलतील गादी."

"नाही उचलली तर?"

"उचलतील. थांब थोडं."

ती जाण्याच्या नऊ दिवस आधीची तारीख होती.

बाहेर टॅक्सी थांबली. गिरिधरराव उठले. सहा इंची गादी एकट्या माणसाला उचलण्यासारखी नव्हती. दोनदा हातातून सुटली. शेवटी ती उभी करून, ढकलत ढकलत त्यांनी आपल्या खोलीत नेली. परत येऊन उशी आणि तांब्या उचलला. बेल वाजली तेव्हा त्यांना धाप लागली होती.

पुष्कर आत आला, पाया पडला. फक्त चहापुरतं थांबायचं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. साहिल सवयीनं बॅग घेऊन हॉलच्या कोपऱ्याकडे गेला आणि थांबला. तिथं नुसती फरशी होती. त्याचा चेहरा उतरला.

"काका, आम्ही तसेही हॉटेलातच..." तो हळूच म्हणाला.

"हॉटेलले फोन करून नाही म्हणून सांग," गिरिधरराव म्हणाले. "अन् बॅग इथं नको ठेवू गा. पुष्करच्या खोलीत ठेव. तुही उशी तिथंच आहे, तांब्याही तिथंच आहे. हा हॉल पाहुण्यायसाठी आहे."