गेटखालची जागा

अ‍ॅरिझोनात, युमाच्या वाळवंटातल्या कालव्यात कॅटफिश मासे नेमके कुठे बसतात, ते रिटायर्ड डॉक्टर वर्तककाकांनी फक्त मला दाखवलं. पाणी सोडायच्या गेटखाली, सावलीत.

"कुणाला सांगू नकोस हं," ते म्हणाले.

मी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोसकट लोकेशन टाकलं.

रविवारी तिथे पाच गाड्या होत्या. काका आले, माझ्याकडे बघून हसले आणि गाडीतून न उतरताच परत गेले. पुन्हा फिरकले नाहीत. कुठल्या तोंडाने फोन करणार होतो?

आज भर दुपारी तिथे एकटाच गळ टाकून बसलो. मान खाली घातली, तर पाण्यात काका दिसले, टोपीसकट.

दचकून शेजारी बघितलं. कुणी नव्हतं.

पुन्हा पाण्यात बघितलं. काका होतेच. त्यांच्या शेजारी, मी दिसायला हवा होतो तिथे, नुसतं आकाश होतं.