अडीचची ओपीडी

“दीड तासात एकोणचाळीस पेशंट! मॅडम, एवढ्या झपाट्यानं तर टोलनाक्यावरून गाड्याही सुटत नाहीत.”

सत्यजीतनं लॅपटॉप गौतमीकडं वळवला. पुण्याच्या एका हॉस्पिटलनं दौंड-शिरूर भागात बारा गावांत शुगर-बीपीची तपासणी केंद्रं काढली होती. सत्यजीत त्या सगळ्यांचा मॅनेजर. भांडगावच्या केंद्रात गौतमी एकटी नर्स.

बाकीच्या अकरा केंद्रांत शंभरातले चाळीस पेशंट हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरनं दिलेल्या वेळेला येतच नसत. भांडगावात न येणारे फक्त सहा. हेड ऑफिसला ते खरं वाटेना. त्यात गेल्या आठवड्यात सगळ्या नोंदी सकाळच्या, आणि या आठवड्यात काल सोमवारी सगळ्या दुपारी अडीचनंतरच्या. खोट्या नोंदी करणारा माणूस अशाच घाईनं, एका बैठकीत करतो. सत्यजीतच्या बॅगेत पत्र तयार होतं : चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये.

“आज दहाला आठ जणांची वेळ होती,” तो म्हणाला. “अकरा वाजले. कुठायत?”

खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहेर शेतातल्या विहिरींवर मोटारी घरघरत होत्या.

“येतील, सर. अडीचपर्यंत थांबा.”

“कारण सांगा ना. थांबायचं कशाला?”

“सांगितलं होतं, सर. दोन महिन्यांमागं मीटिंगमध्ये उठले होते. ‘पॉइंटवर या’ म्हणून तुम्हीच खाली बसवलंत.” ती शांतपणे बीपीच्या मशीनचा पट्टा पुसत राहिली. “आता सांगून पटायचं नाही. डोळ्यांनी बघा.”

सत्यजीत हसला. “म्हणजे तोवर फोन करून माणसं गोळा करणार.”

गौतमीनं आपला मोबाइल त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. “तुमच्याजवळच राहू द्या.”

तिचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. दीड वर्षाच्या लेकीला दौंडला सासूबाईंकडं ठेवून ती रोज इथवर येई. नवरा रेल्वेत ठेकेदाराकडं. कधी काम असे, कधी नसे. ही नोकरी गेली तर दुसरी पुण्यातच मिळणार, आणि लेक जागी असताना घरी पोचणं संपणार. हे सगळं तिच्या डोक्यात होतं. तरी ती शुगर तपासायच्या पट्ट्या मोजून ट्रेमध्ये मांडत राहिली.

एक वाजता मोबाइल वाजला. ‘घर’.

“घ्या,” सत्यजीत म्हणाला. “स्पीकरवर.”

“गौतमी, हिनं वरणभात खाल्ला गं सगळा,” सासूबाई म्हणाल्या. मागून “आई, ये, ये” असा बोबडा आवाज आला. गौतमीनं फोनकडं बघूनच हसून घेतलं. “आले हं माझी बाय. सगळ्यांना तपासून येते.” आणि फोन पुन्हा त्याच्याकडं सरकवला.

सत्यजीतनं नजर लॅपटॉपकडं वळवली.

दोन वाजता बाहेरची घरघर एकदम थांबली. त्याला ते जाणवलंही नाही. पंख्याखाली त्याचा डोळा लागत होता.

सव्वादोनला दारात चपला वाजल्या. मग आणखी. मग एका मोटारसायकलवरून तिघं उतरले. अडीचला बसायला जागा उरली नाही. कुणाच्या पोटऱ्यांना चिखल, कुणाचं लुगडं अजून खोचलेलं. ऊसवाले आनंदराव आप्पा आणि त्यांच्याच रानात रोजंदारीवर जाणाऱ्या भागुबाई शेजारीशेजारी बाकावर टेकले.

“सिस्टर, उशीर झाला म्हनू नका,” भागुबाई म्हणाल्या. “लाइट दोनला गेली. पाय धुवायलाबी थांबले न्हाई.”

“लाइट तर आहे की इथं,” सत्यजीत वर पंख्याकडं बघत म्हणाला.

“ही घरातली वो, साहेब. रानातली मोटरीची लाइट येगळी. ह्या आठवड्यात सकाळी सहा ते दुपारी दोन. मागल्या आठवड्यात रातची हुती, तवा सकाळीच येत हुतो.”

“मग?”

“मग काय!” भागुबाईंनी कपाळावर हात मारला. “लाइट हाय तवर पिकाला पानी द्यायला दारं कोन धरनार, तुमी? रगात काय, उद्याबी निघंल. पानी निघंल का?”

सगळे हसले. आप्पाही हसले.

“आमचा वायरमन जालिंदर शनिवारी ह्यांना पुढची लाइट कळवतो,” आप्पा म्हणाले. “तसा ह्या आम्हाला सांगावा धाडत्यात. त्याआधी तुमचं ते कॉम्प्युटरचं मशिन काय बी येळ द्यायचं. चार महिने मी गोळ्याच आणल्या न्हाईत.”

“मशीननं दिलेली वेळ मी पाळली नाही, तेवढं खरं आहे, सर,” गौतमी भागुबाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाली. “दंड सैल सोडा, मावशी.”

सत्यजीत उठला. एकेकाचं नाव विचारत त्यानं यादीशी ताडून पाहिलं. सकाळी दहाला न आलेले आठही जण समोर बसले होते. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हेड ऑफिसमधून संचालक बोलत होते.

“काय, पत्र दिलं त्या बाईंना?”

“नाही, सर.” त्यानं गर्दीतून वाट काढत दार गाठलं. बाहेर सगळं रान गप्प होतं. “मला आधी बाकीच्या अकरा गावांतल्या वायरमनचे नंबर मिळवून द्या.”