वाट पाहणारं माणूस

ताफ्यातली चाळीसच्या चाळीस विमानं आपली आपण उडत. एकात मात्र वैमानिक देवस्थळी नुसते बसून असत. विमानं रिकामी असली की तळावरचे अधिकारी त्यांना बेधडक आगीत लोटत. एकात जरी माणूस असला, तरी धोका वाढताच सगळा ताफा माघारी बोलावत. देवस्थळींचं काम एवढंच.

पुढच्या ताफ्याचा आराखडा करणाऱ्या शाल्मलीने त्यांचा फॉर्म पुढे सरकवला. "सर, 'घरी वाट पाहणारं माणूस' हा रकाना रिकामा आहे. ज्याची कोणी वाट पाहत नाही, त्याच्यासाठी ताफा मागे फिरत नाही. तुमची जागा जाईल."

"मागच्या वर्षापर्यंत बायको होती, सुमती."

"माझं नाव लिहू?"

देवस्थळींनी हेल्मेट तिच्या टेबलावर ठेवलं. "नको गं. मग खरंच वाट पाहावी लागते. सुमतीने एकवीस वर्षं पाहिली."