उपडा ग्लास

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात कुणाला कुणी दारू पाजणार असेल, तर त्याच्यापुढे छोटा ग्लास आधी उपडा ठेवतात. तिथल्या मेन स्ट्रीटवरच्या जुन्या टॅव्हर्नला एकशेवीस वर्षं होणार, म्हणून मालकीण लिओना क्वाम दुपारी तिथले तीन जुने फोटो भिंतीवर लावत होती.

तिन्ही फोटोंत खिडकीजवळच्या स्टुलावर एकेक माणूस बसलेला आणि त्याच्यापुढे लाकडी काउंटरवर एक ग्लास उपडा होता. आत्ता त्याच स्टुलावर तिचे वडील गस बसले होते.

"हा एमिलकाका. फोटो काढला त्याच आठवड्यात तळ्यात बुडाला," ते म्हणाले. "हा ओले, त्याचंही तसंच. आणि हे तुझे आजोबा…"

"बाबा, उठा तिथून."

"ते निदान फुकट पिऊन तरी मेले, पोरी. मला कोण पाजतंय?"

तरी कुरकुरत ते दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. लिओनाने सगळे छोटे ग्लास कपाटात कोंबले, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत आवळली. दोघांशिवाय आत कुणी नव्हतं.

फोटो सरळ करायला ती वळली. मागे लाकडावर काच टेकल्याचा आवाज झाला.

"अखेर पाजायला तयार झालीस म्हणायची," बाबा हसले. "पण दोन कशाला ठेवलेस?"