फुटल्या तरी चालतील अशा

बाबांच्या खोलीचं दार आतल्या बाजूला उघडतं. दुपारी त्यांनी दाराशेजारच्या मांडणीत आणखी एक रेकॉर्ड बसते का पाहिलं. बसली. मग अख्खी मांडणी कलली आणि दाराला टेकून उभी राहिली. बाबांना खरचटलं नाही, रेकॉर्डींनाही नाही. फक्त दार उघडेना. खिडकीला गज होते.

सुतार साडेचारला आला. दारावर दोन ठिकाणी बोटं वाजवून त्याने निदान केलं.

"काका, दार मधून कापतो. पण सगळा भार दारावरच आहे. खालच्या कप्प्यातल्या दोनशेएक फुटणार."

"कुठल्या दोनशे?" आतून प्रश्न आला.

"फुटल्यावर कळेल की."

"थांब, थांब!"

"मग आधी त्या काढून दुसरीकडे ठेवा."

"दुसरीकडे?" बाबांनी विचारलं. त्या खोलीत दुसरीकडे नव्हतंच. चारही भिंती भरलेल्या आणि मधे बाबांच्या दोन पावलांपुरती फरशी.

सुतार डोकेबाज होता. म्हणाला, "असं करा, फुटल्या तरी चालतील अशा दोनशे निवडा. खालच्या चांगल्या काढून त्यांच्या जागी या लावा. मग मी करवत घालतो."

हे बाबांना पटलं. ते कामाला लागले.

लेक बाहेर आवरून उभी होती. सहा वाजता तिचं गाणं होतं, लोकांसमोर पहिल्यांदाच. ती रांगायची तेव्हापासून बाबांनी तिला मांडीवर घेऊन रेकॉर्डी ऐकवल्या होत्या. आता ती कोमट पाण्याचे घोट घेत होती आणि दर घोटाला दाराकडे बघत होती.

"झाल्या का हो दोनशे?" आईने ओरडून विचारलं.

"चार झाल्या."

एकीची आणखी एक प्रत घरात होती. एकीत दोन्ही बाजूंना नुसते बेडूक ओरडत होते. एक आधीच फुटलेली होती. चौथीबद्दल बाबांनी पाच मिनिटांनी कळवलं की त्यांचा विचार बदलला आहे.

"जन्मभर या माणसाला त्या खोलीतच बसायचं होतं," आई सुताराला म्हणाली. "देवाने ऐकलं. तुम्ही कशाला मधे पडता?"

सुतार स्टुलावर बसला.

"बाबा, मला सव्वापाचला निघावं लागेल," लेक दाराशी येऊन म्हणाली. "कापू दे ना त्यांना."

"एकशे सत्त्याण्णवच राहिल्यात गं. पहिलं कुठलं गाणारेस?"

तिने सांगितलं.

"अगं, ते आहे माझ्याकडे!" बाबांचा आवाज एकदम उजळला. "तिघा गायकांचं आहे. तिघंही एकापेक्षा एक!"

आईने कपाळावर हात मारला. लेकीने पेला खाली ठेवला. ती दाराच्या फटीला तोंड लावून, घसा जपत, हळूच म्हणाली, "बाबा, त्या तिघांतलं कुठलं फुटलेलं चालेल?"

आतली खुडबुड थांबली. सुतार स्टुलावरून उठला, करवत हातात घेऊन तयार राहिला.

बऱ्याच वेळाने आतून कव्हराचा कागद कुरकुरला. एक रेकॉर्ड हळूहळू बाहेर सरकल्याचा आवाज आला.

मग तितक्याच हळू ती परत आत गेल्याचा.