खारबोरीची गोडी विहीर

अमरावतीची जीप फाट्यावरून वळताना इंदूबाईला दिसली. आता म्हाताऱ्याची अब्रू भर उन्हात उघडी पडणार.

म्हातारा म्हणजे तिचे सासरे, नत्थुजी. चहाच्या टपरीमागच्या विहिरीपाशी ते धुतलेला सदरा घालून वरबापाच्या ऐटीत उभे होते. जीपमधून आकांक्षा नावाची मुलगी येत होती. जुन्या विहिरींचा इतिहास गोळा करायची ती. माहिती लिहून घेणार, फोटो काढणार आणि पाणी चाखणार. सगळी मेख त्या चाखण्यात होती.

खारबोरी पडलं खारपाणपट्ट्यात. ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट, फवारणीचे पंप, बँक, गुरांचा दवाखाना, सगळं या एवढ्याशा गावात मिळतं. आसपासच्या खेड्यांचं कुठलंही काम इथं आल्याशिवाय होत नाही. फक्त जमिनीतलं पाणी तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अपवाद एकच, गाडीवानांची विहीर. कापसाच्या बैलगाड्या अकोल्याकडे निघत तेव्हा गाडीवान इथं बैल सोडत आणि नत्थुजींचे आजोबा त्यांना गोडं पाणी पाजत.

आता धरणाचं पाणी नळानं येतं, दोन-चार दिवसांआड का होईना. तरी इंदूबाईच्या चहाला लोक अजून 'विहिरीचा चहा'च म्हणत. नवरा गेल्यावर तिनं त्याच चहावर लेक शिकवली, तिचं लग्न करून दिलं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी एका सकाळी तिनं पाणी काढलं, घोट घेतला आणि थुंकून टाकला. खारट! सासऱ्यांना सांगायची तिची छाती झाली नाही. विहीर म्हणजे म्हाताऱ्याचा जीव. नशीब असं, की त्याच सुमारास नत्थुजींनी फर्मान काढलं, "कठडा ढिला झाला. आजपासून पाणी मीच काढीन. तू हात नोको लावू."

तेव्हापासून नत्थुजी सकाळी कळशी आणून टपरीतल्या माठात ओतत. ते आंघोळीला गेले की इंदूबाई तो माठ मागच्या मोगऱ्याला उपडा करी आणि नळाचं पाणी भरून ठेवी. म्हातारा दिवसभर तेच पीत असे, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजत असे आणि मिशा पुसत विचारत असे, "हाय का नाही गोड?" ऐकून इंदूबाईला हसूही येई आणि रडूही.

मोगरा मात्र बेटा चिवट निघाला. खाऱ्या पाण्यावरही उन्हाळाभर वेड्यासारखा फुले. माणसासारखी झाडालाही सगळ्याची सवय होते, असं ती म्हणायची.

नळाचं पाणी तेवढं पुरत नसे. भरून ठेवलेला ड्रम बघता बघता तळाला जाई. निळी कॅन तर मागच्या वर्षी गायबच झाली. पंक्चरवाल्या शेखरला तिनं त्यावरून चार शब्द सुनावलेही होते.

"या बाई, सावलीत या," नत्थुजी म्हणाले. "रस्ता सापडला न बरोबर?"

"सापडला, आजोबा. पण ऊन केवढं आहे इथे!"

"वैशाख हाय. आमच्याकडे सावलीबी भाजते."

इंदूबाई लगबगीनं तांब्या घेऊन पुढे झाली. "मामाजी, पाहुणीले हे द्या. माठातलं हाय, थंडगार."

"माठातलं काहून? पाहुणी विहीर पाहाले आली. विहिरीतलंच पिईन ते."

"मंग मी काढू काय?"

"तुले नाही जमायचं ते. सरक."

कळशी नेहमी विहिरीतच टांगलेली असे. पाणी गार राहतं म्हणून. नत्थुजींनी दोराला हात घातला. दोन-चार ओढीतच कळशी वर आली.

"आजोबा, ही विहीर उद्या खारी झाली तर?" आकांक्षानं विचारलं.

नत्थुजींनी पेला भरून तिच्या हाती दिला. "माह्यं काय बाई, माह्यं झालं आता. पण माह्या सुनेचा लय भरोसा हाय या पाण्यावर. पोरगा गेला तवा हिनं यावरच घर उभं केलं. तिच्यासाठी तरी हे गोडं राह्यलं पाह्यजे."

इंदूबाईचे डोळे भरून आले. एवढ्या भाबड्या माणसाला आपण तीन वर्षं फसवतो, याची तिला लाज वाटली. आकांक्षानं पेला तोंडाला लावला आणि इंदूबाईनं मान खाली घातली.

"अरे वा! गोड आहे की! अजून द्या ना."

इंदूबाईला कानांवर विश्वास बसेना. नत्थुजी पाहुणीला जीपपर्यंत पोचवायला गेले, तशी तिनं कळशीतलं उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. गोड! खरंच गोड! विहीर परतली होती. आता चोरून माठ उपडा करणं नको, म्हाताऱ्याच्या नजरेला नजर देताना चोरट्यासारखं वाटणं नको. तिनं विहिरीला हात जोडले. आज पुन्हा खरा विहिरीचा चहा मांडायचा, आणि पहिला कप मामाजींना द्यायचा.

तीन वर्षांनी ती कठड्याला टेकली. कठडा चांगला मजबूत होता. पलीकडे पोत्याखाली काहीतरी पायाला लागलं. तिनं पोतं सारलं. तिची निळी कॅन होती. बूच ओलं होतं, आणि तळाशी थोडं पाणी.

तिनं रिकामी कळशी विहिरीत सोडली. कठड्याच्या कडीला बांधलेला दोर दोन-चार हात सरकला आणि ताण बसून थांबला. इंदूबाईनं वाकून पाहिलं. कळशी हवेतच लोंबत होती. पाणी तिच्या कितीतरी खाली होतं.