पुलावरची पावलं

बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि बैठकीच्या कोनाड्यात उन्हाळ्याचं गुंडाळीचित्र टांगलेलं होतं. ओढ्याकाठी उघड्या पोटानं पंख्यानं वारा घेत बसलेला लठ्ठ म्हातारा. चहाचा सरंजाम घेऊन आलेली हात्सुए दारातच थबकली.

"अहो, भर हिवाळ्यात हा पंखेवाला? थोरल्या वन्सं येतीलच आता. ऋतू चुकलेला दिसला की वर्षभर ऐकवतील."

"चित्रांच्या डब्यांची झाकणं अदलाबदल झाली गं," गेन्साकू हसू दाबत म्हणाला. "बिचाऱ्यानं जन्मात बर्फ पाहिला नसेल. पाहू दे की घटकाभर."

हसत हसतच दोघांनी ती गुंडाळी उतरवली आणि हिवाळ्याची लावली. बर्फानं झाकलेला पूल, त्यावर चिटपाखरू नाही.

थोरल्या वन्सं, सावावन्सं, आल्या. रिवाजाप्रमाणे आधी चित्रापुढे वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"याच घरात वाढले मी. या पुलावर पावलं कधी नव्हती."

बर्फात अनवाणी पावलं उमटली होती. कठड्याला पंखा खोचलेला होता. गेन्साकूनं गुपचूप उन्हाळ्याची गुंडाळी उलगडली. ओढा जागेवर होता, काठ मोकळा होता.

"गेला खेळायला," तो पुटपुटला आणि हात्सुएला हसू आवरेना.

"वेड लागलंय दोघांना," म्हणत सावावन्सं मानाच्या पाहुण्याच्या जागी बसल्या, म्हणजे कोनाड्याकडे पाठ करून. दारं-खिडक्या घट्ट बंद होत्या.

त्यांनी पेला ओठांना लावला, आणि त्यांच्या मानेवर बर्फाचा गोळा फटकन फुटला.